माप सोमवारी सकाळी घ्या : उपनगरी फलाटांचे नकाशे काढणाऱ्या अभियंत्यांना खुलं पत्र

प्रति,
उपनगरी रेल्वेचे फलाट, पूल आणि जिने यांची मापं ठरवणारे सर्व अभियंते

आदरणीय अभियंता बंधू-भगिनींनो,
सप्रेम नमस्कार.

मी शिक्षिका आहे. गेली सव्वीस वर्षं ठाणे जिल्ह्यातल्या एका स्टेशनावरून मुंबईतल्या शाळेत जाते आणि संध्याकाळी परत येते. स्टेशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की पत्र त्या एका स्टेशनाच्या फायलीला लागेल, आणि मला सांगायचंय ते एका स्टेशनापुरतं नाही.

हे पत्र मंत्र्यांना लिहिलेलं नाही, महाव्यवस्थापकांनाही नाही. गाड्या वाढवा, पंधरा डब्यांच्या करा, बंद दरवाज्यांच्या आणा, हे त्यांना सांगणारे पुष्कळ आहेत आणि ते बरोबरच सांगतात. पण फलाट किती उंच, पूल किती रुंद, जिना कुठे उतरणार, छप्पर कुठे संपणार, हे कुठल्यातरी टेबलावर एका नकाशावर ठरतं. त्या नकाशाखाली तुमच्यापैकी कुणाची तरी सही असते. म्हणून तुमच्याशी बोलायचं आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. जुलैचा महिना, सोमवार, सकाळचे आठ वाजायचे होते. आमच्या फलाटावरचं छप्पर मधल्या लेडीज डब्याच्या जरा अलीकडे संपतं. पाऊस नसला की बायका आपापल्या डब्याच्या जागी रांगेसारख्या उभ्या असतात. पाऊस असला की सगळ्या छपराखाली. पुरुषही तिथेच. गाडी फलाटात शिरली की छपराखालची सगळी गर्दी एकदम आपापल्या डब्याकडे धावते. ओल्या फरशीवरून, छत्र्या मिटत, गाडी अजून थांबलेली नसताना. मीही धावले. दांडा हातात आला, उजवा पाय डब्यात पडला. मागून रेटा आला आणि डावा पाय फलाटाच्या कडेवरून घसरून खाली गेला. गुडघ्याच्या वरपर्यंत. फलाट आणि डबा यांच्या मधे.

तो क्षण मी कितीदा आठवला असेल. दुखलं ते नंतर. आधी फक्त एवढंच कळलं की पायाखाली काही नाही. दोघींनी काखेत हात घालून मला वर ओढलं. तिसरी गार्डच्या दिशेने हात हलवत ओरडत होती. गाडी सुटली नाही म्हणून मी हे पत्र लिहिते आहे. नडगीची सालं निघाली, गुडघ्याचा लिगामेंट फाटला, अडीच महिने घरी बसले. ज्या तिघींनी मला वाचवलं त्यातल्या दोघींची तोवर फक्त तोंडओळख होती. आज त्या माझ्या घरच्या आहेत.

बरी झाल्यावर काठी घेऊन एका कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं. मग एक फाइल मागवली आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा फलाट मापात आहे." त्यांनी आकडा दाखवला. उंची बरोबर होती, अंतर बरोबर होतं, तारीख होती, सही होती. माझ्या नजरेने तारीख टिपली आणि घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. रविवार होता. मेगाब्लॉकच्या दिवशी, रूळ रिकामे असताना, कुणीतरी नीट आणि प्रामाणिकपणे ते माप घेतलं होतं.

त्या साहेबांवर माझा राग नाही. फलाट खरोखरच मापात होता. पण ते माप रिकाम्या फलाटाचं आहे, आणि आम्ही रिकाम्या फलाटावर कधी उभ्याच राहत नाही. माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे. बाकीचं पत्र ते पटवून द्यायला लिहिते आहे.

उंचीपासून सुरू करते, कारण उंचीच्या बाबतीत तुम्ही एकदा ऐकलं आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला सोळा वर्षांची एक कॉलेजची मुलगी गाडी पकडताना फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. त्या बातमीनंतर सगळ्या मुंबईचं लक्ष अचानक फलाटाच्या कडेकडे गेलं. विषय उच्च न्यायालयात गाजला. ८४० मिलीमीटरच्या वर फलाट नेता येत नाही असं जे सांगितलं जायचं, ते मागे पडलं आणि उपनगरी फलाट ९००-९२० मिलीमीटरपर्यंत उचलायला सुरुवात झाली. ८४० आणि ९२० मध्ये फरक किती? आठ सेंटिमीटर. हाताची चार बोटं आडवी धरा, तेवढा. पण चढणाऱ्या बाईच्या गुडघ्याला विचारा. पोट वाढलेल्या मुलीला विचारा, काठीवाल्या आजोबांना विचारा. तुम्ही चार बोटं उचललीत आणि पाय टाकणं सोपं झालं, हे मी मनापासून मान्य करते. त्याबद्दल आभारही मानते, कारण असे आभार कुणी मानत नाही.

पण उंची एकदा ठरली की कायमची ठरत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असेल? रुळाखाली खडी भरतात, यंत्राने ठोकून रूळ समतल करतात, आणि प्रत्येक वेळी रूळ थोडा वर येतो. फलाट आहे तिथेच राहतो. म्हणजे फलाटाला हात न लावता फलाट खाली जातो. एका वेळी कदाचित बोटाच्या पेराएवढा. पण खडी दरवर्षी पडते. फाइलमधली उंची कुठल्या खडीनंतरची आहे? रूळ उचलल्यावर फलाट पुन्हा मोजला गेला का? मापं घेणारे आणि खडी टाकणारे एकमेकांशी बोलतात का? माझ्या शाळेत मुलांची उंची दर जूनमध्ये मोजतो, कारण ती वाढते हे आम्हाला माहीत असतं.

दुसरी गोष्ट वळणाची. आमचं स्टेशन वळणावर आहे. डबा साधारण वीस मीटर लांब आणि सरळ, फलाट मात्र वाकलेला. तुम्ही हे कागदावर काढता, आम्ही ते पायाने शिकतो. फलाट वळणाच्या आतल्या बाजूला असेल तर डब्याचं पोट फलाटाकडे येतं आणि टोकं लांब राहतात. बाहेरच्या बाजूला असेल तर टोकं जवळ आणि मधलं दार लांब. शिवाय वळणावर गाडी आतल्या बाजूला कलते, तो कल वेगळा. म्हणजे एकाच फलाटावर, एकाच डब्याच्या एका दारापाशी फट वीतभर असते आणि दुसऱ्या दारापाशी त्याहून कितीतरी जास्त. फाइलमध्ये मात्र अंतराचा एक आकडा असतो. तो कुठल्या दाराचा? माझा पाय गेला ते दार कुठलं होतं, हे मी तुम्हाला आजही फलाटावर उभी राहून दाखवीन. तिथे पिवळ्या पट्टीवर फरक कळेल अशी काहीही खूण नाही. "अंतराकडे लक्ष द्या" ही घोषणा सगळ्या दारांना सारखीच ऐकू येते.

घोषणांचं एक मनात राहिलं आहे, ते इथेच सांगते. फलाटावर जे जे ऐकू येतं आणि जे जे लिहिलेलं असतं, ते सगळं प्रवाशाला उद्देशून असतं. पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहा. रूळ ओलांडू नका. पुलाचा वापर करा. चालत्या गाडीत चढू नका. एकही चुकीचं नाही. मी वर्गात मुलांनाही हेच सांगते. पण सव्वीस वर्षं रोज हे ऐकताना मनात असं बसतं की जे होतं ते आमच्याच निष्काळजीपणाने होतं. मी बिछान्यावर पडले होते तेव्हा शेजारच्या वहिनी भेटायला आल्या आणि पहिलं वाक्य काय म्हणाल्या? "कशाला एवढी घाई करता हो?" त्यांना दुखवायचं नव्हतं. इतकी वर्षं घोषणा ऐकून त्यांचंही तसंच मत झालं होतं. कायदा मात्र वेगळं बोलतो. रेल्वे कायद्याच्या कलम १२४अ खाली गाडीतून पडून झालेल्या मृत्यूची किंवा इजेची भरपाई रेल्वेने द्यायची असते, रेल्वेची चूक सिद्ध झाली नाही तरी. आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी प्रकरणात स्पष्ट केलं की चढता-उतरताना झालेला अपघातही त्यात येतो, आणि प्रवाशाच्या निव्वळ हलगर्जीपणाचं कारण सांगून भरपाई नाकारता येत नाही. न्यायालयाला जे पटलं ते फलाटावरच्या भोंग्याला अजून पटलेलं नाही.

आता मला जिथे सगळ्यात जास्त भीती वाटते त्या जागेकडे येते. फट नव्हे. जिन्याच्या बाजूची पट्टी.

तुम्ही नकाशात फलाटाची रुंदी लिहिता. समजा आठ मीटर लिहिली. मग त्या फलाटाच्या मधोमध पुलाचा जिना उतरतो. जिन्याच्या दोन्ही बाजूंना भिंत किंवा कठडा. त्याला लागून सरकता जिना येतो, त्याचं यंत्र, त्याची पत्र्याची पेटी. पुढे लिफ्टचा खांब. मागे पाण्याची टाकी, बाक, स्टॉल, छपराचे खांब. फलाट कागदावर आठ मीटरच राहतो. पण जिन्याची भिंत आणि फलाटाची कड यांच्यामध्ये माणसाला चालायला जी पट्टी उरते, ती आमच्या स्टेशनावर मी शिवणाच्या टेपने मोजली. पिवळ्या रेषेपर्यंत दीड मीटरही भरली नाही. एका दुपारी, गाडी नसताना, काठी भिंतीला टेकवून मोजली. माझी भाची टेपचं दुसरं टोक धरून उभी होती. तिला कळेना मावशी हे काय करते आहे.

त्या दीड मीटरमध्ये सकाळी काय होतं ते सांगते. जिन्यावरून उतरणारे खाली येतात आणि पट्टीतून पुढे जायला बघतात. पुढून, आधीच्या गाडीतून उतरलेले, त्याच जिन्याकडे यायला बघतात. मधे गाडीची वाट पाहणारे उभे असतात, कारण पहिल्या वर्गाचा डबा नेमका तिथेच येतो. तिघांनाही जायचं आहे आणि तिघांपैकी कुणाचीही चूक नाही. अशा वेळी "पिवळ्या रेषेच्या मागे" जागाच नसते. लोक रेषेवर चालतात, रेषेच्या बाहेर चालतात, एक पाय कडेवर ठेवून चालतात. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने न थांबणारी मेल येते. वारा साडी ओढतो. मी भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभी राहते. माझ्या पुढे उभी असलेली मुलगी भिंतीला टेकू शकत नाही, कारण भिंतीला मी टेकलेली असते.

सरकते जिने आले तेव्हा आम्ही आनंदाने फोटो काढले होते. आईला पहिल्यांदा त्यावरून नेलं तेव्हा ती हसत वर गेली. मी सरकत्या जिन्याच्या विरोधात नाही, आज तर गुडघ्यामुळे त्याच्याशिवाय माझं चालत नाही. पण तो बसवताना फलाटावरची किती जागा गेली आणि उरलेल्या पट्टीतून मिनिटाला किती माणसं जाऊ शकतात, हे कुणी काढलं होतं का? दादर-ठाण्यासारख्या स्टेशनावर एका गाडीतून शेकडो माणसं वीस-तीस सेकंदांत फलाटावर येतात. पुढची गाडी तीन-चार मिनिटांत. म्हणजे ही माणसं त्या तीन-चार मिनिटांत जिन्यावर चढून फलाट मोकळा व्हायला हवा. झाला नाही तर दुसऱ्या गाडीचे लोक पहिल्या गाडीच्या लोकांवर उतरतात. तिसरी गाडी आली की काय, ते सांगायला नको. मी गणित शिकवते. हा सहावीच्या हौदाचा प्रश्न आहे : एका नळाने पाणी येतं, दुसऱ्याने जातं, हौद कधी भरून वाहील? आमच्याकडे हौद फलाट आहे, आणि तो वाहतो तो रुळावर.

पाऊस आणि जिना एकत्र आले की काय होतं, हे २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोडला सगळ्यांनी पाहिलं. दसऱ्याच्या आदला दिवस, सकाळी साडेदहाच्या सुमारास जोराचा पाऊस. लोक भिजू नये म्हणून पुलावर आणि जिन्यावर थांबले. मागून परळ आणि एल्फिन्स्टन दोन्हीकडच्या गाड्यांतून माणसं येतच राहिली. अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगरून २३ जण गेले. माझ्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याचे काका त्या जिन्यावर होते. ते वाचले, पण त्यानंतर कित्येक महिने ते कुठल्याही पुलावर चढले नाहीत, लांबचा वळसा घालून रस्त्याने जायचे. चौकशीत पावसाचं नाव आलं. पाऊस मुंबईत दर सप्टेंबरात पडतो. नव्या रुंद पुलाला मंजुरी आधीच मिळालेली होती. पूल कागदावर होता, माणसं जिन्यावर होती.

आणि मग काय झालं? लष्कराला बोलावलं. ऑक्टोबरच्या शेवटी ठरलं आणि २७ फेब्रुवारी २०१८ला नवा पूल लोकांसाठी खुला झाला. करी रोड आणि आंबिवलीलाही लष्कराने पूल बांधून दिले. चार महिने. जो पूल वर्षानुवर्षं होत नव्हता, तो चार महिन्यांत झाला. मी हे तुम्हाला खिजवायला सांगत नाही. तुम्हीही हे करू शकता हे मी स्वतः पाहिलं आहे. ३१ मे २०२४ला ठाण्याला ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, आठवतं? शेकडो गाड्या रद्द, सगळे वैतागलेले, शाळेत मीही उशिरा पोचले. पण २ जूनला ब्लॉक संपला तेव्हा ५ नंबरचा फलाट दोन-तीन मीटरने रुंद झाला होता. रूळ सरकवून, कारखान्यात आधीच तयार करून आणलेले काँक्रीटचे ठोकळे बसवून. इतकी वर्षं ज्या फलाटावर श्वास घ्यायला जागा नव्हती, तिथे सोमवारी मला दोन्ही हात सरळ सोडून चालता आलं. त्या तीन दिवसांत रात्रंदिवस राबलेल्या गँगमनना आणि तुमच्या लोकांना मी त्या दिवशी मनात नमस्कार केला होता. खार रोडला फलाटांच्या वर उन्नत डेक उभा राहिला, तेही याच जातीचं काम : थांबणाऱ्या माणसाला फलाटावरून उचलून वर जागा द्यायची. तेव्हा जमत नाही असं कुणी म्हणू नये. जमतं. ते कुठे आणि कधी करायचं हा निर्णय उरतो.

रूळ ओलांडणाऱ्यांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर मी स्वच्छ हाताने बोलू शकत नाही. २००३ मध्ये पेपर तपासण्याचा गठ्ठा हातात घेऊन, शेवटची गाडी चुकू नये म्हणून, मीही एकदा रूळ ओलांडला आहे. कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, एक हजारापर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आज मला त्याची लाज वाटते आणि वर्गात मी ते सांगते. पण लोक कुठे ओलांडतात ते पाहा. आमच्या स्टेशनाला पूल एकाच टोकाला आहे. दुसऱ्या टोकाला वस्ती, रिक्षा स्टँड, भाजीबाजार. त्या टोकाच्या माणसाला पुलाने जायचं तर अख्खा फलाट चालत जायचं, जिने चढायचे, उतरायचे, आणि पलीकडून तेवढंच परत यायचं. खांद्यावर गॅसची शेगडी असो की कडेवर मूल. मध्ये लोखंडी कुंपण घातलं, चांगलं केलं. महिन्याभरात त्याला भोक पडलं. भोक बुजवलं, पुन्हा पडलं. प्रत्येक वेळी भोक त्याच जागी पडतं. लोक तुम्हाला पुलाची जागा दाखवताहेत, फुकट.

अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्येच लिहिलं होतं की देशभरात रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे पंधरा हजार माणसं मरतात आणि त्यातली सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबई उपनगरात. आकडे त्यानंतर खाली आले, हे खरं. तरीही उच्च न्यायालयापुढे जे आकडे आले, त्यांत २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २५९० मृत्यू होते. दिवसाला सात. माझ्या वर्गात पन्नास मुलं आहेत. आठवड्याला एक वर्ग. हा हिशेब करायला घेतला आणि पुढे करवला नाही.

सगळेच उपाय महाग असतात असंही नाही. वडाळ्याजवळ २००९-१० मध्ये मध्य रेल्वेने एक प्रयोग केला होता. रुळाखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे येणारी गाडी किती वेगात आहे ते डोळ्याला कळावं. मोठी वस्तू वेगात असली तरी संथ वाटते, म्हणून माणूस फसतो. सोबत मोटरमनला तुटक तुटक हॉर्न वाजवायला सांगितलं. रंगाचा डबा आणि हॉर्नची पद्धत, एवढ्यावर तिथले मृत्यू कमी झाले. कुणीतरी तिथे उभं राहून माणूस कसा बघतो, कसा चुकतो, हे बघितलं होतं. मला तुमच्याकडून तेच हवं आहे. माणसाला सुधारायच्या आधी त्याच्याकडे बघा.

मुंब्र्याचंही लिहायला हवं. ९ जून २०२५. मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून दोन लोकल गेल्या आणि दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. त्यानंतर बंद दरवाज्यांच्या गाड्यांची घोषणा झाली, आणि त्या लवकर याव्यात अशी माझीही प्रार्थना आहे. पण दारं बंद झाली की जी माणसं आज दारात लटकतात ती कुठे जातील? फलाटावर. त्याच दीड मीटरच्या पट्टीत. बंद दरवाज्याची गाडी येण्याआधी तिच्यासाठी फलाट तयार हवा. दार बंद व्हायला वेळ लागेल, गाडी जास्त थांबेल, फलाटावरची गर्दी वाढेल. हे तुम्ही मोजलं असेल तर आम्हाला सांगा, आम्ही निश्चिंत होऊ. मोजलं नसेल तर आता मोजा. ९ जून हाही सोमवारच होता.

म्हणून माझी मागणी काय? मोठी नाही.

वर्षातून चार वेळा, कामाच्या दिवशी, सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात, तुमच्यापैकी ज्यांची नकाशावर सही आहे त्यांनी स्वतः स्टेशनावर उभं राहून मोजावं. त्यातली एक वेळ जुलैची असावी आणि त्या दिवशी पाऊस असावा. प्रत्येक दारापाशी फट. जिन्याच्या बाजूला उरलेली पट्टी. एक गाडी आल्यापासून फलाट मोकळा व्हायला लागलेला वेळ. रूळ उचलल्यावर पंधरा दिवसांत उंची पुन्हा. आणि ही मापं स्टेशन मास्तरांच्या खोलीबाहेर, तिकीट खिडकीच्या शेजारी, फळ्यावर लिहावीत. तारीख आणि वार दोन्ही घालून. वार विसरू नका.

सरकता जिना, लिफ्ट, स्टॉल, बाक, जाहिरातीचा खांब, काहीही नवीन फलाटावर येण्याआधी उरलेल्या पट्टीचं माप कागदावर यावं. ते ठरलेल्या मापाखाली जात असेल तर ती वस्तू येऊ नये, कितीही सोयीची असली तरी. वळणावरच्या फलाटांना दारागणिक पट्टीचा रंग बदलून दाखवता येईल, आणि तसं केलं तर सगळ्यात आधी दृष्टिहीन प्रवाशांना विचारून खडबडीत फरशीतही तो फरक आणा. दिव्यांग डब्यापाशी जो बीप बीप आवाज येतो तो किती उपयोगाचा आहे हे आमच्या गाडीतला एक मुलगा मला नेहमी सांगतो. त्याला विचारलं तर तो तुम्हाला अजून दहा गोष्टी सांगेल. छप्पर टोकापर्यंत न्या. यावर मी जास्त काही लिहीत नाही, माझा गुडघा आहे.

आणि तुमच्याबरोबर मोजायला आमच्यातल्या काहींना घ्या. मासळीची टोपली घेऊन येणारी मावशी, डबेवाला, सातव्या महिन्यातली मुलगी, काठीवाले आजोबा. त्यांना मिलीमीटर कळणार नाहीत, पण पाय कुठे अडतो ते त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

आमचं स्टेशन कुठलं ते मी तुम्हाला खाजगीत कळवीन. यायचं ठरलं तर गुरुवारी येऊ नका, त्या दिवशी आमच्याकडे बाजार असतो आणि फलाटावर पाटी टेकवायलाही जागा नसते. नाही, गुरुवारीही या. पण आधी सोमवारी. मी ७.५२च्या गाडीसाठी मधल्या लेडीज डब्याच्या जागी उभी असते, जिथे छप्पर संपतं तिथून चार पावलांवर. टेप माझ्या पर्समध्येच असतो.

आपली,
सव्वीस वर्षांची पासधारक,
एक शिक्षिका